आत्म्याला कोणतं आसन?

मागच्या व्याख्यानात आपण सांख्यांच्या पुरुष आणि प्रकृतीपाशी थांबलो होतो, आणि उठता उठता आम्ही म्हणालो होतो की पुढच्या वेळी योगाकडे वळू. त्यावर बऱ्याच श्रोत्यांनी जवळजवळ एकच प्रश्न पाठवला. "सर, योग हा शरीर, मन आणि आत्मा या तिन्हींसाठी आहे, हे तुम्हाला मान्य आहे ना?" प्रश्नाच्या शेवटचं ते "ना" फार बोलकं आहे. उत्तर ठरलेलं आहे, तुम्ही फक्त शिक्का मारा, असा त्याचा सूर. तर आज आम्ही तो शिक्का मारणार नाही. शरीराबद्दल मान्य आहे, मनाबद्दल बऱ्यापैकी मान्य आहे. तिसऱ्या शब्दापाशी आम्ही अडतो, आणि का अडतो तेच आज सांगायचं आहे.

आधी एक कबुली दिलेली बरी. आम्ही एकतीस वर्षं महाविद्यालयात योगसूत्रं शिकवली, तीही उभं राहून. आसनावरची सूत्रं फळ्यावर लिहिताना कंबर धरून लिहायचो, आणि त्यात काही विनोदी आहे हे वर्गातल्या मुलांना कळायचं, आम्हाला नाही. निवृत्तीनंतर पत्नी गेली, झोप गेली, आणि शेजारच्यांनी जवळजवळ ओढतच सोसायटीच्या गच्चीवरल्या योगवर्गाला नेलं. सकाळी सहाची वेळ, पाण्याच्या टाकीच्या बाजूला अंथरलेल्या सतरंज्या. खालून विरार लोकल पकडायला निघालेल्यांच्या रिक्षांचे आवाज. पुढच्या रांगेत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, मागे पापडीच्या चर्चमधला मिस्सा आटोपून येणाऱ्या एक बाई, बाजूला दोन-तीन गृहिणी, आणि नोकरीवर निघण्याआधी वीस मिनिटं तरी बसून जाणारा एक मुलगा. कठड्याला फ्लेक्स बांधलेला: शरीर, मन, आत्मा. दोन महिन्यांत आमची कंबर सुधारली. चार महिन्यांत रात्री सलग पाच तास झोप लागू लागली. तेव्हा आज जे बोलणार आहोत ते योगाच्या शत्रूचं बोलणं आहे असं कृपा करून समजू नका.

त्या वर्गातच एकदा चर्चच्या बाईंनी आम्हाला विचारलं, "सर, हे इथे आत्मा आत्मा म्हणतात, तो आमचाच का?"

आम्ही तत्त्वज्ञानाचे डॉक्टर. आम्ही हसून म्हणालो, "आत्मा सगळ्यांचा एकच असतो हो." बाईंनी मान डोलावली, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. होणारही नव्हतं, कारण आमचं उत्तर चूक होतं. आत्मा एकच, हे वेदान्ताचं मत. आम्ही एका दर्शनाचं मत सर्वांचं म्हणून त्यांच्या हातावर ठेवलं होतं.

आता बघा, आपण ज्या भागात राहतो तो या प्रश्नासाठी किती सोयीचा आहे. नालासोपाऱ्यात बुरूड राजाचा कोट म्हणतात ते टेकाड आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथे खणलं आणि बौद्ध स्तूप निघाला, आत दगडी पेटी, करंडक, बुद्धमूर्ती. त्याच सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले. तिथल्या भिक्षूंनी शेकडो वर्षं ध्यान केलं असणार, आणि त्यांच्या सिद्धान्तात नित्य आत्मा नाहीच. म्हणजे तिथे ध्यान आहे आणि आत्मा नाही. आजही भाईंदरच्या खाडीपलीकडे गोराईच्या पॅगोड्यात जे विपश्यनेला बसतात, ते याच परंपरेतलं ध्यान करतात. तिथून निर्मळला या. शंकराचार्यांची समाधी म्हणून लोक दर्शनाला जातात, कार्तिकात जत्रा भरते, सुकी मासळी आणि केळी यांच्या वासातून वाट काढत आपण सगळेच गेलेलो आहोत. तिथला अद्वैतविचार सांगतो की आत्मा एकच आहे, तो कधी मळलाच नव्हता, तेव्हा धुवायचा प्रश्न येत नाही. पुढे आगाशीला जैन मंदिर. जैनांचे जीव अनंत, प्रत्येकाचा वेगळा, आणि कर्माचे सूक्ष्म कण त्याला खरोखर चिकटतात. तप करून ते झाडावे लागतात. आणि पापडी, गिरीज, खुद्द निर्मळ, इथली चर्चेस. त्यांच्या श्रद्धेत आत्मा ईश्वराने निर्माण केलेला, एका माणसाचा एक, आणि तो वाढतो किंवा घसरतो ते ईश्वरकृपेशी असलेल्या नात्यात.

सायकलवरून एका सकाळी फिरून येता येईल एवढ्या अंतरात आत्म्याबद्दल चार मतं, आणि ती एकमेकांत मिसळत नाहीत. मग फ्लेक्सवरचा आत्मा कोणाचा? बाईंचा प्रश्न आमच्या पीएचडीपेक्षा नेमका होता.

कोणी म्हणेल, अहो सर, योगाचा आत्मा म्हणजे पतंजलींचा. ठीक. मग पतंजलींकडेच जाऊ. योगसूत्रं एकूण १९५, काही पाठांत १९६. त्यांतली थेट आसनावरची तीन. फक्त तीन! बाकी सगळा ग्रंथ चित्ताबद्दल आहे. ते चंचल का होतं, कशाने रंगतं, कशाने निवतं. आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळा घोटाळा इथेच आहे. पतंजलींच्या हिशोबात चित्त हे आत्म्याच्या बाजूला नाही, ते शरीराच्या बाजूला आहे. शरीर प्रकृती, मन प्रकृती, बुद्धीसुद्धा प्रकृती. पलीकडे एकटा पुरुष, म्हणजे नुसता पाहणारा. म्हणजे मुळात तीन गोष्टी नाहीतच, दोन आहेत. आणि साधना कुठे घडते? पूर्णपणे पहिल्या बाजूला. पाहणाऱ्यात काही घडत नाही, त्याला काही शिकायचं नाही, सुधारायचं नाही, वाकायचं नाही. "आत्म्याचा विकास" हे शब्द पतंजलींना कळलेच नसते.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, योग म्हणजे जोडणे, युज् धातू, जीवाशिवाची जोडणी वगैरे. आम्हीही तरुणपणी हे सांगितलेलं आहे, टाळ्या मिळतात. पण धातुपाठात युज् एकच नाही. एकाचा अर्थ जोडणे, दुसऱ्याचा समाधी. सूत्रांचे सर्वांत जुने भाष्यकार व्यास इथे दुसरा घेतात, योग म्हणजे समाधी. आणि साधनेचं टोक म्हणून जे सांगितलंय त्याचं नाव कैवल्य, म्हणजे एकटेपण, वेगळं होणं. आपली आई सुपात तांदूळ घेऊन बसायची आणि खडे वेचायची, त्या कामासारखं हे आहे. फ्लेक्सवाले सांगतात की तांदूळ, खडे आणि सूप यांचं ऐक्य साधा.

आता गंमत बघा. ज्या चार मतांची यादी आम्ही केली, त्यांत "आत्मशुद्धी" हा शब्द अक्षरशः लागू पडतो तो जैनांना. नाव पतंजलींचं घेऊन आमचे योगशिक्षक अजाणता आगाशीच्या मंदिरातली भाषा बोलत होते. त्यातही आणखी गंमत अशी की जुन्या जैन परिभाषेत योग म्हणजे शरीर, वाणी आणि मन यांची हालचाल, जिच्यामुळे कर्म आत शिरतं. ती थांबवायची असते. शब्द तोच, काम नेमकं उलटं.

मग ही त्रिसूत्री आली कुठून? एका कुळाकडे बोट दाखवणं अवघड आहे, पण एक खूण ठळक दिसते. अमेरिकेत लूथर गुलिक नावाचे व्यायामशास्त्राचे शिक्षक होते. १८९१ साली त्यांनी वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेसाठी उलट्या त्रिकोणाचं चिन्ह सुचवलं. त्याच्या तीन बाजू: आत्मा, मन, शरीर. ही संघटना भारतात होती, १९२० साली मद्रासला तिचं शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय निघालं, आणि त्याच काळात आपल्याकडे आसनं मठातून बाहेर पडून व्यायामशाळेत आणि शाळेच्या मैदानात येत होती. हवा एकच होती एवढंच आम्ही म्हणतो. मूळ परकं म्हणून कल्पना खोटी ठरत नाही, बटाटाही परकाच आहे. पण जी गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षांची आहे ती पाच हजार वर्षांची म्हणून सांगू नये. आणि पापडीच्या बाईंना जे शब्द परके वाटत होते, त्यांचा एक धागा त्यांच्याच धर्मबांधवांच्या त्रिकोणाशी जुळतो, हे आम्हाला तेव्हा आठवलं असतं तर गप्पा रंगल्या असत्या.

बरं का मंडळी, याच काळात आपल्याकडे दोन माणसं अशी झाली की त्यांनी हा प्रश्न जास्त प्रामाणिकपणे हाताळला. दोघेही एकाच गुरूचे शिष्य. नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदास राहत, त्यांच्याकडे मणिभाई देसाई नावाचा विद्यार्थी गेला आणि जगन्नाथ गणेश गुणे नावाचे शिक्षकही गेले. मणिभाई म्हणजे पुढचे श्रीयोगेंद्र. त्यांनी १९१८ साली वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढली, ती आज आपल्याच पश्चिम रेल्वेवर सांताक्रूझला आहे. त्यांचा आग्रह एकच, की योग संसारी माणसाला, घरातल्या बाईला, नोकरदाराला करता आला पाहिजे. हा आग्रह साधा वाटतो, पण तोवर हठयोग ही कानफाटे आणि बैरागी यांची मिरास समजली जायची.

गुणे म्हणजे स्वामी कुवलयानंद. त्यांच्यापाशी आम्ही जरा रेंगाळणार आहोत. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी "योगमीमांसा" हे त्रैमासिक काढलं. संस्थेचं नाव बघा, कैवल्य! आणि काम काय केलं? क्ष-किरण आणि दाब मोजणारी उपकरणं घेऊन पोटाकडे वळले. उड्डियान आणि नौली करताना मोठ्या आतड्यात काय होतं, हे त्यांनी मोजलं. तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असं त्यांना आढळलं. जुने योगी बस्तिक्रियेत पाणी वर ओढून घेत, ते कसं, याचा उलगडा त्यातून झाला. त्या निर्वाताला त्यांनी गुरू माधवदासांचं नाव दिलं. अशी गुरुदक्षिणा जगात दुसऱ्या कोणी दिली असेल असं वाटत नाही.

हसू येतं, पण त्यातली सचोटी पाहा. दीर्घ श्वासाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो आणि म्हणून प्राणायाम मोठा, ही तेव्हाची लाडकी समजूत, आजही गच्चीगच्चीवर ऐकू येते. कुवलयानंदांनी मोजून पाहिलं आणि लिहिलं की प्राणायामाचं महत्त्व त्यात नाही. स्वतःच्याच पक्षाचं एक आवडतं प्रमाण त्यांनी स्वतः काढून टाकलं. आणि ज्याचं नाव संस्थेला दिलं ते कैवल्य त्यांनी कुठल्या नळीत मोजल्याचा दावा केला नाही. आतड्यातला दाब हा आतड्यातला दाब, त्याला मोक्ष म्हणायचं नाही. त्यांच्यावर आमचा एक आक्षेप आहेच. प्रयोगशाळेचा दरारा एकदा उसना घेतला की पुढचे लोक प्रयोग विसरतात आणि दरारा तेवढा ठेवतात, "हे शास्त्रशुद्ध आहे" या तीन शब्दांत. पण तो दोष पुढच्यांचा जास्त.

आता आम्हाला ती गोष्ट सांगायची आहे जी सांगायचं आम्ही दोन वर्षं टाळलं.

पुढच्या रांगेतल्या ज्या रेल्वेच्या गृहस्थांचा उल्लेख केला, त्यांना रक्तदाब होता. रोज एक गोळी. एका सकाळी शवासन चालू असताना शिक्षक शांत आवाजात सांगत होते की आत्मा स्वस्थ झाला की शरीराला गोळ्यांची गरज राहत नाही. शिक्षक लबाड नव्हते, बरं का. वर्गाचे पैसे मागायला संकोचणारा, भला माणूस. त्यांना कोणीतरी असंच सांगितलं होतं. आम्ही मागच्या रांगेत डोळे मिटून पडलो होतो. हे वाक्य पतंजलींत नाही, हठप्रदीपिकेत नाही, कुठेच नाही, हे त्या गच्चीवर फक्त आम्हाला ठाऊक होतं. आम्ही गप्प राहिलो. का? शवासन मोडायचं नव्हतं असं आम्ही स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. वर्गात आम्हाला सगळे "सर" म्हणायचे, शिक्षक कधी कधी आमच्याकडे बघून "सर सांगतीलच" म्हणायचे, आणि तो मान आम्हाला आवडायला लागला होता.

गृहस्थांनी गोळी सोडली. चौथ्या महिन्यात पक्षाघाताचा झटका आला. सौम्य होता, पण उजवा हात आणि जीभ दोन्ही अडखळायला लागली. आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्यांनी तुटक शब्दांत विचारलं, "सर, तुम्ही ती पुस्तकं वाचलीत. त्यात असं आहे का?"

आम्ही म्हणालो, नाही.

"मग त्या दिवशी..." एवढंच म्हणाले, आणि थांबले. जीभ अडली म्हणून की आमची कीव आली म्हणून, ते आम्ही विचारलं नाही.

घरी येऊन आम्ही यमांवरचं व्यासभाष्य पुन्हा काढलं. अष्टांगांतलं पहिलं अंग यम, त्यात अहिंसेनंतर लगेच सत्य. व्यास त्याचा जो अर्थ सांगतात तो एकतीस वर्षं आम्ही परीक्षेला विचारत होतो. बोलणं हे पाहिलेल्याशी आणि तर्काने जाणलेल्याशी जुळलं पाहिजे, ऐकणाऱ्याला चकवणारं नको, आणि त्यातून कोणाला अपाय होत असेल तर ते सत्याचं नुसतं सोंग, असा त्याचा आशय. या मापाने शिक्षकांचं वाक्य गेलं, आणि आमचं मौनही गेलं. आसन हे तिसरं अंग. आम्ही गच्चीवर तिसऱ्या अंगाचे धडे घेत होतो आणि पहिल्यातच नापास होतो.

म्हणून आम्ही म्हणतो की तिसऱ्या शब्दाचं भांडण नुसतं शब्दांचं नाही. शरीराबद्दल खोटा दावा केला तर तो उघडा पडतो, कंबर दुखते किंवा दुखत नाही. मनाबद्दलचा दावाही थोडाफार तपासता येतो, झोप लागली की नाही एवढं तरी कळतं. आत्म्याबद्दल काहीही बोला, तपासणार कोण? त्या शब्दाच्या आडोशाने मग गोळ्यांबद्दलही बोलता येतं. बरा झालात तर आत्मा शुद्ध झाला, नाही झालात तर तुमची साधना कमी पडली. दोन्हीकडून सांगणारा मोकळा!

मराठीत ही टीका काही आम्ही पहिल्यांदा करत नाही. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय घ्या. कुंडलिनी जागी होते तेव्हा शरीरात काय काय होतं याचं इतकं तपशिलाचं, इतकं देखणं वर्णन दुसरीकडे मिळणं कठीण. लिहिणारा नाथपंथातला, बाहेरचा कोणी नव्हे. आणि तोच कवी बाराव्या अध्यायात त्या वाटेच्या कष्टांबद्दल बोलतो आणि भक्तीची वाट सोपी म्हणतो. पण आम्हाला त्याहून नेमकी वाटते ती चांगदेवांची कथा. तापीकाठचा हा योगी चौदाशे वर्षं जगला अशी आख्यायिका. योगाच्या बळावर चौदाशे वेळा नाही तरी चौदा वेळा मृत्यूला परत पाठवलेला माणूस. त्याला ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं आणि मायना सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? शेवटी कोरा कागदच पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली ते सगळ्यांना पाठ आहे, की इतकी शतकं जगून हा कोराच राहिला. ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या, आणि पुढे चांगदेवांनी गुरू केलं ते याच मुलीला. शरीर टिकवणं आणि आत्मज्ञान होणं या दोन गोष्टी आपोआप जोडलेल्या नाहीत, हे मराठी माणसाला आजीच्या मांडीवरच सांगितलेलं असतं. पुढे तो फ्लेक्स वाचतो आणि विसरतो.

एक आक्षेप उरतो, आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, सर, तुम्हाला स्वतःला पहाटे त्या गच्चीवर बसल्यावर काही वाटलं नाही का, जे शरीरातही बसत नाही आणि मनातही? वाटलं. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, एकदा प्राणायाम संपल्यावर, काही क्षण दुःख होतं पण ते आमचं नव्हतं, असं काहीसं. त्याला काय म्हणायचं? सोपाऱ्याचा भिक्षू एक नाव देईल, निर्मळचा संन्यासी दुसरं, मागच्या रांगेतल्या बाई तिसरं. आम्ही त्याला नाव न देता ठेवलं आहे. आणि त्याची हमी दुसऱ्या कोणाला देण्याचा तर आम्हाला मुळीच अधिकार नाही.

बाईंना नंतर आम्ही नीट उत्तर दिलं. म्हणालो, तो आत्मा तुमचा नाही, बहुधा या वर्गातल्या कोणाचाच नाही. १९८९ साली रोमहून ख्रिस्ती ध्यानाबद्दल एक पत्र निघालं, त्यातही पूर्वेकडच्या पद्धती सरसकट नाकारलेल्या नाहीत. पण शरीराला मिळणारं स्वास्थ्य म्हणजेच पवित्र आत्म्याचं सांत्वन असं समजू नका, असा इशारा दिलेला आहे. बाई म्हणाल्या, "मग सर, इथे पाठ मोकळी करायची आणि आत्म्याचं चर्चमध्ये बघायचं. हे तर मी पहिल्या दिवसापासून करतेय."

रेल्वेचे गृहस्थ आता पुन्हा येतात, खुर्चीवर बसून करतात. शिक्षकांशी आम्ही बोललो, एकांतात आणि उशिरा. ते बराच वेळ खाली बघत राहिले. फ्लेक्स तोच आहे, नवा छापायला पैसे पडतात आणि आम्हीही आग्रह धरला नाही. पण हल्ली सहा वाजता प्रार्थनेच्या आधी ते सतरंज्यांमधून एक फेरी मारतात आणि प्रत्येकाला विचारतात, "गोळी घेतली का?" आम्हालाही विचारतात. आमची थायरॉइडची असते, उपाशीपोटी घ्यायची. आम्ही "हो" म्हणतो आणि बसतो.

प्रश्नांसाठी आता दहा मिनिटं आहेत.